कालव्याकाठची भूक

खडकवासला धरणातून निघणारा नवा मुठा उजवा कालवा सिंहगड रस्त्याच्या बाजूने पुणे शहरात शिरतो आणि पुढे हवेली, दौंड ओलांडून इंदापूरपर्यंत जातो. या कालव्यापासून धायरी फार दूर नाही. तरीही कालवा भरून वाहत असताना धायरीतल्या गृहसंकुलांच्या फाटकापाशी टँकर उभे असलेले मी कित्येक उन्हाळे पाहिले आहेत. धारेश्वराचे हे जुने गाव. त्याचा उरलेला भाग २०१७ साली महापालिकेत आला. मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून शेतांवर इमारती चढू लागल्या होत्या. ज्या घरांत ज्वारीच्या कणग्या होत्या, त्या घरांत आता दुकानातून पिठाची पिशवी येते. यात कुणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. जमिनीला भाव आला, शेतीत हाती काही उरेना, मुलांच्या शिक्षणाला पैसा हवा होता. तुम्ही-आम्ही त्याच जमिनीवरच्या सदनिकांत राहतो, हेही विसरता येत नाही.

या बदलाची किंमत २०२० च्या मार्चअखेरीस प्रथमच डोळ्यांना दिसली. २५ मार्चला देश बंद झाला. त्या वेळी केंद्राच्या साठ्यात गहू-तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांहून अधिक धान्य होते. नियमाप्रमाणे आवश्यक होते सुमारे दोन कोटी दहा लाख टन. कोठारे भरलेली होती. तरी चार-पाच दिवसांतच बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांतून चुली थंडावल्या. शिधापत्रिका गावी, मुकादमाचा दूरध्वनी बंद आणि दुकानदाराची उधारी थांबलेली. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत महाराष्ट्र त्याच वर्षीच्या जानेवारीत सामील झाला होता. पण सर्व राज्ये तीत यायला २०२२ चा जून उजाडला. कोठार आणि चूल यांच्यामधला दुवाच तुटलेला होता.

तो दुवा माणसांनी जोडला. आमच्या भागात स्वयंसेवक होते, बचत गटाच्या भगिनी होत्या आणि गणेश मंडळांचे तरुणही होते. एरवी ध्वनिक्षेपकावरून आपण या मंडळांना नावे ठेवतो (मीही ठेवतो). परंतु त्या दिवसांत कोणत्या खोलीत तान्हे मूल आहे आणि कोणाकडे शेगडी नाही, हे त्यांनाच ठाऊक होते. त्यांनी एक वही केली होती. नाव, मूळ गाव, माणसे किती, धान्य केव्हा दिले, एवढ्याच नोंदी. प्रशासनाकडे नसलेली माहिती त्या शंभर पानी वहीत होती.

अशा नोंदींची परंपरा पुण्याला नवी नाही. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने आपली माणसे तालुक्या-तालुक्यांत धाडली, लोकांची अवस्था टिपून घेतली आणि मजुरांचा शिधा कापणाऱ्या परकीय सरकारपुढे ती मांडली. पुढे १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईच्या पिढीने लाल मिलोच्या भाकऱ्या थापल्या. त्या रंगाची आठवण निघाली की ती आजही तोंड वाकडे करते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे एकोणपन्नास लाख माणसे होती. रा. स्व. संघाची जनकल्याण समिती उभी राहिली ती याच दुष्काळात. त्या वेळच्या मदतीतून पाझर तलाव राहिले, विहिरी राहिल्या, वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर रुजली. २०२० च्या मदतीतून आपल्या हाती काय राहिले?

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्न विपुल पिकवण्याचे व्रत आणि दारी आलेल्याला विन्मुख न पाठवण्याचे व्रत एकापाठोपाठ सांगितले आहे. आपण दुसरे व्रत संकटकाळी उत्तम पाळतो. पहिले मात्र शेतकऱ्यावर सोपवून मोकळे होतो. खडकवासला साखळीतील चारही धरणांची क्षमता सुमारे २९ अब्ज घनफूट. या पाण्यात शहराचा वाटा वाढत गेला तसतशी दौंड-इंदापूरच्या आवर्तनांची ओढाताण वाढली. स्नानगृहात वाहून जाणारे पाणी कुणाच्या तरी रब्बीचे असते, हा विचार आपल्या गृहसंकुलांच्या वार्षिक सभेत कधी निघत नाही. तिथे वाहनतळावरून भांडणे होतात.

आणि ‘अन्नात आपण स्वयंपूर्ण’ हे वाक्यही जपून उच्चारले पाहिजे. तांदळाच्या निर्यातीत आपण जगात पहिले आहोत, ही अभिमानाची गोष्ट. परंतु खाद्यतेल निम्म्याहून अधिक बाहेरून येते. १९८६ च्या तेलबिया मोहिमेनंतर नव्वदीच्या प्रारंभी आपण जवळजवळ स्वावलंबी झालो होतो. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि ती घडी विस्कटली. दख्खनच्या कोरड्या रब्बीत ओलाव्यावर येणारी करडई शेतांतून हटली. २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली, तेव्हा तिथल्या निर्णयाची झळ इथल्या कढईला बसली. करडईचे तेल महाग पडते, ही तक्रार खरी आहे. पण गिऱ्हाईक नसेल तर शेतकरी ती पेरील कशासाठी? धायरीतल्या शंभर घरांनी मिळून वर्षाची ज्वारी आणि करडई इंदापूर-दौंडच्या शेतकऱ्यांकडून सुगीतच ठरवून घेतली, तर त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. त्यातले थोडे धान्य वस्तीच्या सामाईक कोठीत राहिले, तर पुढच्या वेळी पहिले चार दिवस तरी निभावतील.

गेल्या वर्षी मी त्या वहीची चौकशी केली. ज्या कार्यकर्त्याकडे ती होती, त्याने घर बदलले होते. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, “काका, सामान हलवताना रद्दीत गेली बहुधा.” त्या पत्र्याच्या खोल्यांच्या जागी आता बारा मजली इमारत आहे आणि तिच्या पलीकडे नव्या कामाच्या नव्या खोल्या उभ्या राहिल्या आहेत. तिथे कोण राहते, हे मी विचारले तेव्हा त्याला सांगता आले नाही. मलाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी नवी वही घेऊन आम्ही दोघे तिथे गेलो. पहिल्या खोलीतले कुटुंब लातूरकडचे निघाले.