बंदूक पडद्यावर, दुखणे झोपेत

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आठवीतल्या चिरंजीवांना घेऊन दवाखान्यात आले. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, ह्याला जरा समजावा. दिवसभर मोबाईलवर माणसं मारत असतो. उद्या खरोखरच कुणाच्या जिवावर उठेल.’’ मी मुलाला विचारले, ‘‘शेवटच्या दहांत येतोस का रे?’’ मुलाचा चेहरा खुलला, वडिलांचा पडला.

वाचकहो, कबूल करतो की हे खेळ मलाही आवडतात. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून, कॅसेट घालून खेळायचा व्हिडिओ गेम घरी आला, तेव्हा मी आणि धाकटा भाऊ ‘कॉन्ट्रा’ खेळत असू. दोघांच्या हाती बंदुका, समोर शत्रू. त्यात धबधब्यावर चढण्याचा एक टप्पा होता. एकाने घाईने वर उडी मारली, की मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरायचा. आमची खरी भांडणे व्हायची ती ह्यावरून. गोळ्या किती झाडल्या, हे कुणाच्या डोक्यातही नसे. गंमत होती ती नेमकी वेळ साधण्यात आणि हरल्यावर पुन्हा डाव मांडण्यात. आजही रविवारी अर्धा तास खेळलो, की डोके हलके होते.

पालकांची भीती मात्र जुनीच आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ ह्या १९९२ च्या खेळातील रक्तपातावरून डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली. १९९४ पासून तिथे खेळांच्या खोक्यांवर वयाची खूण छापली जाऊ लागली. १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाईन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. दोघे ‘डूम’ खेळत, म्हणून खेळाकडे बोट दाखवले गेले. पण तोच खेळ जगभर लाखो लोक खेळत होते, त्यांनी कुणाला मारले नाही. आपल्याकडे राजकोटला मार्च २०१९ मध्ये पबजीवर बंदी घालून खेळणाऱ्या तरुणांना पोलिसांनी पकडले.

शास्त्र काय सांगते? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मारधाडीचे खेळ आणि मुलांचा आक्रमकपणा ह्यांत त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये थोडे वेगळे सांगितले. ओरडणे, ढकलणे अशा वागण्याशी ह्या खेळांचा थोडा संबंध दिसतो. पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. मला हे पटते. हरल्यावर भावाच्या पाठीत धपाटा मीही घातला आहे.

मग त्या वडिलांची काळजी फुकाची होती काय? मुळीच नाही. फक्त ती चुकीच्या जागी होती. मी मुलाला विचारले, ‘‘झोपतोस किती वाजता?’’ तो खाली बघत म्हणाला, ‘‘दीड-दोन वाजतात, डॉक्टरकाका.’’ शाळा सकाळी सातची. रात्रीचे जेवण अर्धवट, कबड्डी सुटलेली, पहिल्या तासाला डुलकी ठरलेली. बंदुकीच्या धास्तीत घरात कुणाचे तिकडे लक्षच गेले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जानेवारी २०२२ पासून खेळाच्या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सारे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. ती साधारण वर्षभर टिकली तरच विकार म्हणतात. खेळात माणसे मरतात की फळे फुटतात, ह्याला त्यात महत्त्व नाही. बहुतेक मुले ह्या टोकाला जातही नाहीत.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. खेळावरची वयाची खूण बघा. लहानग्यांना रक्तपाताचे खेळ देऊ नका. रात्री दहानंतर मोबाईल मुलाच्या खोलीत नको, आणि तो नियम वडिलांनीही पाळावा. मोबाईल फोडू नका. त्याने राग वाढतो, झोप येत नाही. दहा मिनिटे शेजारी बसून मूल काय खेळते ते बघा. झोप, जेवण, अभ्यास आणि मैदान शाबूत असेल, तर खेळू द्या. नसेल, तर डॉक्टरांकडे या.

परवा ते गृहस्थ बाजारात भेटले. मोबाईल आता रात्री देवघराजवळच्या फळीवर असतो म्हणाले. मुलगा अकराला झोपतो. कबड्डी अजून सुरू झालेली नाही. पण परवा तो आपणहून मैदानावर बघायला गेला होता.