डायनॅमो नंतर, आधी पॉवरबँक!

पहिल्या बाइकपॅकिंग रेसची तयारी म्हटली की डायनॅमो हबचा विषय निघतोच. पुढच्या चाकात वीज तयार होणार, मोबाइल फुकटात चार्ज! ऐकायला भारी वाटतं. पण हा हब देतो साधारण ३ वॉट, तेही ताशी १५-२० किमी वेग असेल तर. २०१३ साली युरोपात सुरू झालेल्या ट्रान्सकॉन्टिनेंटलसारख्या, जवळपास ४,००० किमीच्या शर्यतीत आल्प्सचे चढ लागतात. तिथे वेग ८ वर आला की चार्जिंग जवळपास बंदच. रात्री दिवा लावला तर मोबाइलच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

कॉलेजच्या बजेटमध्ये पहिल्यांदा उतरताय ना? मग डायनॅमो नकोच, असं माझं स्पष्ट मत. १०,००० एमएएचच्या दोन पॉवरबँका घ्या. एकच मोठी नको. ती बिघडली की संपलं सगळं. अशा शर्यतीत मित्राची मदत चालत नाही, पण सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या कॅफेतलं सॉकेट चालतं. तुम्ही जेवताना पॉवरबँकही जेवते! त्यासाठी चार्जर फास्ट हवा आणि पॉवरबँकही तेवढ्या वेगानं चार्ज होणारी हवी. आधी ३०० किमीच्या बीआरएमला हेच सगळं सामान लादून जा. २० तासांची मुदत असते, रात्र आपोआप येते.

आणि हेडलाइट चार्ज होत असतानाही चालू राहतो का, हे दुकानात विचारून घ्या. आपणहून कुणी सांगत नाही.