जुनापाणीची वर्तुळे आणि सातबारा

नागपूरहून काटोलच्या रस्त्याने जाणाऱ्यास जुनापाणीच्या माळावर काळ्या धोंड्यांची वर्तुळे दिसतात. पुष्कळांस ती दिसूनही दिसत नाहीत. या नगराचा इतिहास बख्त बुलंदाच्या १७०२ सालापासून आरंभण्याची सवय आपणांस इतकी जडली आहे की, तत्पूर्वीही येथे कोणी नांदत होते ही कल्पना मनास शिवत नाही. वस्तुतः सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी येथील लोकांनी आपले मृत पुरून त्यांच्या सभोवती हे धोंडे रचले. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अंमलदाराने १८७९ साली या वर्तुळांचा वृत्तांत छापला. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी येथे शास्त्रीय उत्खनन केले. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी येथील वर्तुळेही उकलली गेली. लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या, काळी-तांबडी मडकी निघाली, पुरलेल्या घोड्यांचे अवशेष निघाले आणि घोड्याच्या मस्तकावरचा तांब्याचा साजही निघाला! नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच हाती लागली. मोहेंजोदारोचे स्नानगृह मुखोद्गत असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस घराशेजारच्या या घोड्याची वार्ता मात्र नसते.

जुनापाणीस १९५८ च्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास बंदी व त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आले. हे योग्यच झाले. परंतु ही वर्तुळे सरकारी फलकापाशी थांबत नाहीत. जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी ती शेतांत, पडीत जमिनींत, टेकड्यांच्या उतारांवर विखुरली आहेत, आणि त्यांतील पुष्कळांस कोणी वाली नाही. नांगरास आडवा येणारा दगड शेतकऱ्याने धुऱ्यावर लोटला तर त्यास दोष देणे आम्हांस मान्य नाही. तो दगड म्हणजे काय, हे त्यास सांगावयास कोण गेले होते? मुरुमाचा ठेकेदार आणि लेआउट पाडणारा धनिक यांची गोष्ट निराळी. त्यांचे यंत्र एका दुपारी माळ सपाट करते, आणि एकदा हललेला धोंडा पुन्हा जागी बसविला तरी त्याच्या खालची साक्ष परत येत नाही.

आमची मागणी साधी आहे. वर्तुळ असलेला प्रत्येक गट क्रमांक मोजून त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी. मग भूखंड विकणाऱ्यास व घेणाऱ्यास अज्ञानाची सबब उरणार नाही. निवडक स्थळे १९६० च्या राज्य कायद्याखाली संरक्षित करता येतील. मात्र ज्याची शेती त्यामुळे अडेल, त्यास रास्त मोबदला मिळालाच पाहिजे. पाऊस पडला की गवत माजते आणि दगड झाकले जातात. म्हणून मोजणी उन्हाळ्यातच व्हावयास हवी, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी येता उन्हाळा दवडू नये.