मुके बाण

साहित्याच्या वर्गात आकृत्या काढाव्यात की नाहीत, हा विषय निघाला की शिक्षकांत दोन तट पडतात. एका तटाला फळ्यावरचा तक्ता हा रसास्वादाचा वैरी वाटतो. दुसऱ्याला प्रत्येक पाठ वर्तुळांत आणि चौकटींत मांडल्याखेरीज शिकवल्याचे समाधान लाभत नाही. आमच्या मते दोघांचीही नजर चौकटीवरच खिळलेली आहे. आकृतीचा प्राण चौकटीत नसतो, तो दोन चौकटींना जोडणाऱ्या बाणात असतो.

आकृती आपल्या भाषाशिक्षणाला परकी नाही. वाक्यपृथक्करणाचा तक्ता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत आखला आहे. उद्देश्य कोणते, त्याचा विस्तार कोणता, विधेय कोठे सुरू होते, हे त्या रकान्यांत बसवताना वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला 'तुझे नाते कोणाशी?' असे विचारावेच लागे. महाभारत शिकवताना कुरुवंशाची वंशावळ फळ्यावर काढणाऱ्या गुरुजींवर रसहानीचा आरोप कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ज्याला आज संकल्पना-नकाशा म्हणतात तो १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी यांनी घडवला. विज्ञान शिकणाऱ्या मुलांची समज वर्षानुवर्षे कशी बदलत जाते, हे टिपण्यासाठी त्यांना साधन हवे होते. नवे ज्ञान आधीच्या ज्ञानाशी जोडले गेले तरच ते अर्थपूर्ण होते, हा डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार त्यामागे होता. या नकाशाचा एक नियम मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. दोन संकल्पनांमधल्या रेषेवर जोडणारा शब्द लिहावाच लागतो. चौकट, रेषा आणि पुन्हा चौकट असे ओळीने वाचले की एक विधान तयार झाले पाहिजे. विधान होत नसेल, तर तो नकाशा अपुरा.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात २०१८-१९ मध्ये दहावीचा नवा अभ्यासक्रम आला आणि मराठीची प्रश्नपत्रिका 'कृतिपत्रिका' झाली. घोकंपट्टी थांबावी, मुलांनी उतारा स्वतः वाचावा, हा त्यामागचा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु 'आकृती पूर्ण करा', 'ओघतक्ता तयार करा' या कृतींत घटकांचे नाते बहुधा प्रश्न काढणाऱ्यानेच ठरवून छापलेले असते. विद्यार्थ्याच्या वाट्याला उरतो तो उताऱ्यातून योग्य शब्द उचलून रिकाम्या जागी ठेवण्याचा उद्योग. बाण मुकेच राहतात. त्याच पत्रिकेत स्वमताचा प्रश्न असतो हे खरे. पण चौकटीतून परिच्छेदाकडे नेणारी वाट कोणीच दाखवत नाही, आणि मग स्वमतही मार्गदर्शकातून पाठ होते.

अशाच शिक्षणातून पदवीला आलेल्या एका वर्गात आम्ही विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' शिकवत होतो. पात्रांच्या नात्यांची आकृती काढा, असे सांगितले. दहा मिनिटांत सुबक आकृत्या तयार झाल्या: मध्यभागी बेणारे, भोवती काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे, सामंत. प्रत्येकाकडे एकेक बाण. 'आता प्रत्येक बाणावर एक क्रियापद लिहा,' असे म्हणताच वर्ग शांत झाला. बराच वेळ खाडाखोड चालली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, दामल्यांची चौकट काढायची का? ते तर रंगमंचावर येतच नाहीत." त्या प्रश्नाने तास उजळला. जो माणूस नाटकात एकदाही दिसत नाही त्याच्यापाशी येऊन निम्मे बाण थांबतात, आणि त्याच्याकडून मात्र एकही बाण बेणारेच्या बचावाला निघत नाही, हे मुलांनी स्वतः पाहिले. दुसऱ्या एकाने 'आरोप' आणि 'शिक्षा' अशा दोन चौकटी काढल्या. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे कोर्ट शेवटी गर्भ नष्ट करण्याचीच शिक्षा फर्मावते, तेव्हा या बाणावर कोणते क्रियापद लिहायचे, यावर तास संपेपर्यंत वाद झाला. व्याख्यान देऊन हे आम्हांला साधले नसते.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्यंग्यार्थ नसलेल्या चित्रकाव्याला सर्वांत खालची पायरी दिली. पद्मबंधात अक्षरे पाकळ्यांत चपखल बसतात, पाहणारा थक्कही होतो. परंतु त्या चपखलपणातून व्यंग्यार्थ येत नाही. भरलेल्या चौकटींवर लाल बरोबरची खूण करताना शिक्षकांनी हा निवाडा आठवावा.

आकृतीला मर्यादा आहेतच. कवितेतली प्रतिमा एकाच वेळी दोन-तीन अर्थ धरून उभी असते. तिला एका चौकटीत कोंडले तर उरते ती केवळ शब्दार्थाची नोंद. तिथे आकृती काढण्याचा अट्टाहास नसावा. पण कथानक, नाट्यसंघर्ष, टीकालेखातला युक्तिवाद यांची बांधणी डोळ्यांना दिसली की मनाला उमगते, हा आमचा अनुभव आहे.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की छापील चौकटीऐवजी विद्यार्थ्याच्या हाती कोरा कागद द्यावा. प्रत्येक बाणाला नाव द्यायला लावावे. आणि शेवटी तो कागद उलटा ठेवून, त्या नावांच्या आधारे एक परिच्छेद लिहायला सांगावा. तो परिच्छेद लिहिता आला, तरच आकृती कामी आली असे आम्ही समजू.