रिकाम्या मतदारसंघाचा हक्क

अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा यांचे 3 नोव्हेंबर 2023 रोजी निधन झाले. 1995पासून ते या मतदारसंघातून सतत निवडून येत होते. त्यांच्या मागे तिथल्या मतदारांना नवा आमदार मिळाला तो थेट 23 नोव्हेंबर 2024 रोजी, सार्वत्रिक निवडणुकीच्या निकालातून. मधल्या काळात हिवाळी, अर्थसंकल्पी आणि पावसाळी अशी तिन्ही अधिवेशने होऊन गेली आणि अकोला पश्चिमचा प्रश्न विचारायला सभागृहात कोणी नव्हते.

लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1996 साली कलम 151 अ आले, ते नेमके हे टाळण्यासाठी. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या, असे हे कलम सांगते. त्याला अपवाद दोनच. उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा या वेळेत निवडणूक घेणे अवघड असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले असेल, तरच सूट.

शर्मा गेले तेव्हा विधानसभेची मुदत संपायला एक वर्ष 23 दिवस बाकी होते. म्हणजे पोटनिवडणूक व्हायला हवी होती. आयोगाने मार्च 2024मध्ये लोकसभेसोबत ती जाहीरही केली, 26 एप्रिलची तारीख दिली. एका मतदाराने त्याविरुद्ध याचिका केली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अधिसूचना रद्द केली. निकाल लागेपर्यंत जून उजाडणार, नव्या आमदाराला एक वर्षही मिळणार नाही, असा त्यामागचा विचार होता.

आता याच्या शेजारी हरियाणातले कर्नाल ठेवून पाहा. मार्च 2024मध्ये नायबसिंग सैनी मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते आमदार नव्हते. दुसऱ्याच दिवशी मनोहरलाल खट्टर यांनी कर्नालच्या आमदारकीचा राजीनामा दिला. तिथल्या विधानसभेची मुदत आठ महिनेही उरली नव्हती. तरी पोटनिवडणूक जाहीर झाली. अकोल्याच्या निकालाचा दाखला देऊन तिला आव्हान दिले गेले, पण पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. 25 मे रोजी मतदान झाले, सैनी निवडून आले. वर्षाहून अधिक मुदत असलेल्या मतदारसंघाला निवडणूक मिळाली नाही आणि आठ महिन्यांच्या आतल्याला मिळाली. कायदा तोच, वर्ष तेच, आयोगही तोच. मुख्यमंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहाचे सदस्य व्हावे लागते हे मला मान्य आहे. पण मतदारालाही सहा महिन्यांत प्रतिनिधी मिळावा लागतो, हे त्याच देशाच्या कायद्यात लिहिले आहे. पहिल्या गरजेसाठी यंत्रणा धावते, दुसरीसाठी थांबते. माझा आक्षेप यालाच आहे.

नागपूर खंडपीठाने लावलेला अर्थ धरायचा ठरवला तर काय होते, तेही बघू. निवडणूक घ्यायला सहा महिने आणि नव्या सदस्याला किमान एक वर्ष, असे धरले की पाच वर्षांतल्या शेवटच्या दीड वर्षात रिकामी झालेली कोणतीही जागा तशीच राहण्याचा धोका निर्माण होतो. आयोगाने जाहीर करायला जितका उशीर लावावा, तितके निवडणूक न घेण्याचे कारण बळकट. अकोल्यात हेच घडले: साडेचार महिने गेले आणि मग तेच मुदत कमी असल्याचे कारण ठरले. त्याआधी विदर्भातल्याच काटोलची पोटनिवडणूकही 2019 साली अशीच न्यायालयात अडकली आणि झाली नाही.

पुणेकरांनी तर एकाच शहरात दोन्ही टोके पाहिली. 22 डिसेंबर 2022 रोजी कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक गेल्या. 26 फेब्रुवारीला तिथे मतदानही झाले. निकालात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर विजयी झाले आणि भाजपने वर्षानुवर्षे राखलेला गड गेला. महिनाभरात, 29 मार्च रोजी, खासदार गिरीश बापट गेले. लोकसभेची मुदत तेव्हा वर्षाहून जास्त उरली होती. पोटनिवडणूक मात्र झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023मध्ये आयोगाची कारणे नाकारून ती तातडीने घ्यायला सांगितले. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. महापालिकेची मुदत मार्च 2022मध्येच संपलेली, त्यामुळे पुणेकराला नगरसेवक नाही आणि खासदारही नाही, अशी अवस्था वर्षाहून अधिक काळ राहिली. कसब्याच्या निकालाचा या दिरंगाईशी संबंध होता, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण कारणे वेळीच उघड न सांगता थांबलेली निवडणूक असा संशय जन्माला घालते आणि त्याने आयोगाचेच नुकसान होते.

यंत्रणा कमी पडते, ही सबब मला पटत नाही. कोरोनाच्या साथीत, 3 नोव्हेंबर 2020 रोजी, मध्य प्रदेशात एकाच दिवशी 28 जागांची पोटनिवडणूक झाली. एप्रिल 2021मध्ये दुसरी लाट चढत असताना पंढरपूर-मंगळवेढ्यात मतदान घेतले गेले. (ते तेव्हा घ्यायलाच नको होते, असे माझे मत आहे. कायद्यातली अवघड परिस्थितीची सवलत अशाच वेळेसाठी असते.) साथीत जमते, तर नेहमीच्या दिवसांत न जमण्याचे कारण काय?

थोड्या काळासाठी पोटनिवडणुकीचा खर्च कशाला, हा मुद्दा खरा आहे, पण तो दुसऱ्या बाजूलाही लागतो. आमदार नसलेल्या मतदारसंघात निधीतली कामे सुचवायला कोणी नसते, लक्षवेधी मांडायला कोणी नसते. रस्ता अडला, रुग्णाला मदत हवी असली, तर लोक आमदाराच्या कार्यालयात जातात. तिथे कुलूप असेल तर शेजारच्या आमदाराच्या दारात उभे राहावे लागते आणि तिथे ते त्याचे मतदार नसतात. हा खर्च कोणत्याच हिशेबात धरला जात नाही.

कलम 151 अ मध्ये तीन गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात. एक वर्षाची मुदत जागा रिकामी झाल्या दिवसापासून मोजायची. रिक्त जागा कळल्यापासून ठराविक दिवसांत कार्यक्रम जाहीर करायचा. आणि सूट घ्यायची असेल तर ते प्रमाणपत्र कारणांसह त्या मतदारसंघातल्या लोकांसमोर ठेवायचे. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, साधे विधेयक पुरते. महाराष्ट्राचे 48 खासदार लोकसभेत आहेत. काटोल, पुणे आणि अकोला या तिन्ही ठिकाणी हे आपल्या माणसांच्या वाट्याला आले, तेव्हा हे विधेयक त्यांच्यापैकीच कोणीतरी मांडावे. तुमच्या खासदाराला पत्र लिहा आणि तो हे करणार का, ते विचारा.