अबोल सैनिकाचा आधार

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचे स्मारक आहे. परत येऊन संसारासाठी निमूटपणे झिजणाऱ्या सैनिकाचे स्मारक मात्र कोठेच नसते. बहुधा चाळिशीच्या आसपास निवृत्त झालेला हा गृहस्थ लढाईविषयी चकार शब्द काढीत नाही. मुलांचे शिक्षण, विहिरीचे कर्ज, वृद्धांचे औषधपाणी हे सारे त्याच्या निवृत्तिवेतनावर निभावते. २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच सैन्यात कायम केले जाते. उरलेल्यांना एकरकमी निधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. एकरकमी पैसा खर्चून जातो; घर तगते ते दरमहाच्या आवकीवर. माजी सैनिकांचे गोडवे गाताना शासनाने हा भेद विसरता कामा नये.