मत त्यांचे, हात आपला

वृद्ध माणसाची शुश्रूषा करणाऱ्याच्या हाती नकळत बरीच सत्ता येते. जेवण किती वाजता, खिडकी उघडी की बंद, भेटायला कोणी यावे, टीव्हीचा रिमोट कोणाच्या उशाशी असावा, हे सारे तो ठरवू लागतो. ज्याच्यासाठी ठरते त्याच्याजवळ स्वतःचे म्हणून फार थोडे उरते. चालणे काठीच्या आधाराने, वाचणे भिंगाच्या आधाराने, गोळ्या दुसऱ्याने डबीत लावून ठेवलेल्या. राज्य कोणी करावे आणि कोणी करू नये, याबद्दलचे मत मात्र अजून त्याचे स्वतःचे असते. नेमके तेच घरातल्यांना पटत नाही.

२०२२ मध्ये शिवसेना दुभंगली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. एकाच चिन्हाशी वर्षानुवर्षे निष्ठा ठेवणाऱ्या कितीतरी घरांत तेव्हा जेवणाच्या टेबलाचीही वाटणी झाली. कुठे वडील एका गटाचे, मुलगा दुसऱ्या. कुठे सासूबाई जुन्या विचारांच्या, तर सूनबाईला दोन्ही गट नकोसे. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून एखादे काका रागाने बाहेर पडतात आणि मग मुंजीच्या निमंत्रणापर्यंत ते प्रकरण पोचते.

अशा वेळी आपल्याकडे टिळक-गोखल्यांची आठवण हमखास काढली जाते. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ यांच्यात भर मंडपात जोडा आणि खुर्च्या फेकण्यापर्यंत मजल गेली. तरीही १९१५ मध्ये गोखले गेले तेव्हा टिळक स्मशानात आले आणि आयुष्यभराच्या या प्रतिस्पर्ध्याविषयी गौरवाने बोलले. ही आठवण मोलाची आहेच. पण टिळक आणि गोखले एका छपराखाली राहत नव्हते. त्यांच्यापैकी कोणी दुसऱ्याला रात्री उठवून न्हाणीघरापर्यंत नेत नव्हता. बरोबरीच्या माणसांचा वाद वेगळा. ज्याला उठून खोलीबाहेर जाता येत नाही, त्याच्याशी घातलेला वाद वेगळा. म्हणून माझ्या मते शुश्रूषा करणाऱ्यावर संयमाचा भार अधिक आहे. त्याचे मत चुकीचे असते म्हणून नव्हे, तर दाराची कडी त्याच्या हाती असते म्हणून.

'तुम्हाला आता काय कळतंय?' हे वाक्य या घरांत फार स्वस्त झाले आहे. पक्षावरची टीका आजोबा सहज पचवतील. हे वाक्य पचत नाही, कारण ते मतावर नसते, वयावर असते. त्यांचे नेहमीचे वर्तमानपत्र परस्पर बदलणे, त्यांची वाहिनी 'बिघडली आहे' असे सांगणे, हेही त्याच जातीचे. 'बातम्यांनी बीपी वाढतं' हे कारण पुष्कळदा पुढे केले जाते. संतापाने रक्तदाब तात्पुरता वाढतो, हे खरेच. पण त्यावरचा उपाय त्यांची वाहिनी बंद करून आपली लावणे हा नव्हे. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, मोजताना बोलू नये, हा साधा नियम आहे. रात्रीची वादचर्चा ऐन रंगात असताना दंडाला पट्टा बांधला, तर येणारा आकडा फसवा ठरू शकतो आणि त्यावरून औषधाची काळजी करणे व्यर्थ.

जेवताना मात्र राजकारण खरोखरच नको. अर्धांगवायूनंतर किंवा कंपवातात गिळण्याचा त्रास असलेल्या व्यक्तीला तोंडात घास असताना तावातावाने बोलायला लावणे म्हणजे ठसक्याला आमंत्रण. ऐकू कमी येणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. त्यांना वाक्यातले चार शब्द कळतात, बाकीचे ते चेहऱ्यावरून जुळवतात. आणि आपण मोठ्याने बोललो की तो आवाज त्यांना भांडणाचा वाटतो. निम्मी भांडणे मताची नसतात, कानाची असतात.

वृद्धाने पक्ष बदलला म्हणजे त्याची बुद्धी फिरली, असे समजू नये. ऐंशीव्या वर्षीही माणूस विचार करून मत बदलतो. मात्र चार-दोन दिवसांतच कोणी कमालीचा संशयी झाला, अपशब्द बोलू लागला, दिवस-रात्रीचे भान सुटले, तर वाद न घालता डॉक्टरांना दाखवावे. लघवीमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, नव्या औषधाचा परिणाम, अशी कारणे त्यामागे असू शकतात.

या सगळ्याची खरी कसोटी मतदानाच्या दिवशी लागते. दृष्टी अधू असल्याने किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे ज्यांना यंत्रावरचे चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही, त्यांना केंद्राध्यक्षांच्या परवानगीने सोबती आत नेता येतो. सोबती अठरा वर्षे पूर्ण केलेला हवा, त्या दिवशी तो दुसऱ्या कोणाचा सोबती झालेला नसावा आणि मत गुप्त राखण्याचे प्रतिज्ञापत्र त्याला द्यावे लागते. आता प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. सासूबाईंना जे बटण दाबायचे आहे, ते सूनबाईला मुळीच मान्य नाही. आडोशाच्या आत तिसरे कोणी नाही, आणि सासूबाईंना दिसत नाही. तिथे त्यांनी सांगितलेलेच बटण दाबणे, हे मला मतभेदांच्या आदरावरील दहा व्याख्यानांपेक्षा मोठे वाटते. बाहेर आल्यावर घरच्यांनी 'काय दाबलं गं?' असे विचारले, तरी उत्तर द्यायचे नाही. आणि ज्याला हे जमणार नाही असे मनोमन ठाऊक आहे, त्याने सोबती होऊच नये. घरातल्या दुसऱ्या कोणाला पाठवावे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीपासून ८५ वर्षांवरील मतदारांना घरूनही मतदान करता येते. त्यासाठी १२-ड हा अर्ज निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो. कर्मचारी घरी येतात आणि कागदी मतपत्रिकेवर मत घेतात. त्या वेळी घरच्यांनी खोलीबाहेर थांबावे. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणून मताधिकार आपोआप जात नाही, हेही ध्यानात असावे. त्यासाठी सक्षम न्यायालयाने तसे ठरवावे लागते.

आता थोडे ज्येष्ठांना. तुमची काळजी घेणारी मावशी किंवा मदतनीस मुलगा यांचेही मत असते, आणि नोकरी जाईल म्हणून ते बोलत नाहीत. त्यांच्या गळ्यात निळा पट्टा असो वा भगवा, ते तुम्हाला भरवतात तेव्हा चमचा सारखाच धरतात. राजकीय मत म्हणून त्यांच्या जातीवर किंवा धर्मावर टोमणे मारणे हे मतस्वातंत्र्यात बसत नाही; तिथे घरच्यांनी वडीलधाऱ्यांना स्पष्ट थांबवावे, वयाची सबब सांगू नये. अनेक मदतनीसांची नावे गावाकडच्या यादीत असतात. मतदानाला जाऊन यायला त्यांना दोन दिवस लागतात. तारीख जाहीर होताच त्या दोन दिवसांची दुसरी सोय लावावी, पगार कापू नये, आणि परत आल्यावर पाऊस-पाणी, मुलाबाळांची खुशाली विचारावी. मत कोणाला दिले ते विचारू नये.